एकविसावी किल्ली

फार पूर्वी, म्हणजे सासवा सुनांना अजून घाबरत नव्हत्या तेव्हा, एका नगरात एक शेठाणी राहत होती. नगरातल्या सगळ्या तेलघाण्या तिला माहेरून मिळालेल्या. नवरा आणि मुलगा जहाजं घेऊन वर्षातले दहा महिने परदेशी. त्यामुळे घरात पैसाही तिचा आणि शब्दही तिचाच.

नगराजवळच्या टेकडीवर मोठं विद्यापीठ होतं. तिथे मुलगे शिकत आणि मुली खालून वर बघत. शेठाणीला हे फार खुपायचं, कारण लहानपणी तीही अशीच बघत राहिली होती. एक दिवस तिने कुलगुरूंना गाठलं.

कुलगुरू म्हणाले, "मुलींना आमची ना कुठे आहे? पण त्या राहणार कुठे?"

शेठाणीने वर्षभरात टेकडीवर मुलींसाठी वसतिगृह बांधून दिलं. एकवीस खोल्या, प्रत्येक खोलीला खिडकी, खिडकीशेजारी दिव्यासाठी कोनाडा. मुलींच्या शिकण्याचा आणि जेवणाखाण्याचा सगळा खर्चही तिने उचलला.

मुलगी मात्र एकही आली नाही. खोल्यांत पारवे राहायला आले.

कुलगुरूंचा निरोप आला, "रथसप्तमीपर्यंत मुली आल्या तर ठीक. नाहीतर तिथे राजाच्या हत्तींचा चारा भरू. जागा छान कोरडी आहे." आणि दोनच दिवसांत चाऱ्याच्या गाड्या वसतिगृहाच्या दारात येऊन उभ्याही राहिल्या.

 पण शेठाणी गप्प बसणारी बाई नव्हती. संक्रांत तोंडावर आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाण म्हणून काहीतरी वस्तू द्यायची, हा नगराचा रिवाज. आणि पदरात पडलेलं वाण परत करायचं नाही, हाही रिवाजच. शेठाणीने खोल्यांच्या एकवीस पितळी किल्ल्या चिंचेने घासून लख्ख केल्या आणि नगरातल्या वीस घरांना बोलावणं धाडलं.

शेठाणीची सून पहाटेपासून गुळपोळ्या लाटत होती. तिच्या पोळीत गूळ अगदी काठापर्यंत पोचायचा, पण तव्यावर एक थेंब सांडायचा नाही. शेठाणी हे कौतुक नगरभर सांगत फिरे. मात्र हीच सून पोळपाटावरच्या पिठात बोटाने वर्तुळं काढते, त्यांचे भाग पाडते आणि गणितं सोडवत बसते, हे ती कोणालाही सांगत नसे. दिसलं की फडकं घेऊन पुसून टाके.

दुपारी बायका आल्या. सुनेने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं. मग शेठाणीने प्रत्येकीच्या पदरात एकेक किल्ली टाकली.

"ज्या घरात किल्ली, त्या घरातली एक मुलगी किंवा सून रथसप्तमीला टेकडीवर शिकायला!"

बायका दचकल्या. डबा मिळेल, वाटी मिळेल, अशा हिशोबाने आलेल्या त्या. आता वाण परत कसं करणार?

"अहो, पण मग घरचं कोण बघणार?" कोतवालाची बायको म्हणाली.

"घर काय पळून जातंय?" शेठाणीने विचारलं.

"शिकली की उलट उत्तरं देईल हो," वैद्याची बायको म्हणाली.

"मग आत्ता काय तुम्हाला सरळ उत्तरं मिळतात?"

"मला सुनेच्याच हातचं लागतं," सावकाराची बायको कुरकुरली.

"तुम्हाला हात आहेत ना?"

सगळ्या खो खो हसल्या. दोन दोन गुळपोळ्या खाल्ल्या. आणि हसता हसता प्रत्येकीने आपली किल्ली हळूच सतरंजीखाली सरकवली. परत कोणीच केली नाही, फक्त विसरून जायचं ठरवलं. शेठाणीला ते दिसलं, पण विसरणाऱ्या बाईला काय बोलणार? तिला डोळ्यांसमोर चारा खाणारे हत्ती दिसू लागले.

तेवढ्यात सून हात धुऊन पुढे आली.

"सासूबाई, मी सगळ्यांना कुंकू लावलं. मला कोणी लावलंच नाही."

"अगंबाई, खरंच की!" शेठाणीने तिला कुंकू लावलं. सुनेने लगेच पदर पसरला.

"एक किल्ली उरलीय, सासूबाई."

शेठाणी गडबडली. "तू? अगं, मग घरचं कोण बघणार?"

"घर काय पळून जातंय?" कोतवालाची बायको म्हणाली.

"तुम्ही मध्ये बोलू नका! हिला अजून जग कळत नाही. आणि मला गुळपोळी हिच्याच हातची..."

"तुम्हाला हात आहेत ना?" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या.

शेठाणी रागाने लाल झाली. काहीतरी झणझणीत बोलायला तिने तोंड उघडलं आणि तिचं लक्ष सुनेच्या पदराकडे गेलं.  पदर धरलेल्या बोटांच्या नखांत अजून पीठ होतं. ते पीठ आपण किती वेळा पुसून टाकलं, हे शेठाणीला आठवलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

तिने एकविसावी किल्ली सुनेच्या पदरात टाकली.

 मग सतरंजीखाली खुडबुड सुरू झाली. वीस बायका गुडघ्यांवर बसून आपापली किल्ली शोधू लागल्या. शेठाणीची सून जाणार म्हटल्यावर आपली मागे का राहावी? "ही माझी!" "नाही हो, मी इथे बसले होते!" अशी ओढाओढ झाली आणि अत्तरदाणी कलंडली.

रथसप्तमीला एकवीस जणी टेकडी चढल्या. चाऱ्याच्या गाड्या आल्या वाटेने परत गेल्या. हत्तींनी तक्रार केली नाही, पारव्यांनी थोडी केली.

पुढच्या संक्रांतीला शेठाणी स्वतः गुळपोळी लाटायला बसली. गूळ तव्यावर, धूर डोळ्यांत आणि पोळी कोरडी. तिने सुनेला चिठ्ठी पाठवली, "गूळ काठापर्यंत कसा नेतेस?" उत्तरात एक मोठं वर्तुळ, आत एक छोटं वर्तुळ आणि खाली पानभर गणित आलं. शेठाणीला त्या गणितातलं ओ की ठो कळलं नाही. चिठ्ठी कनवटीला खोचून ती तडक टेकडी चढली.

"कुलगुरू, आणखी एक खोली बांधायचीय."

"आता कोणासाठी?"

"माझ्यासाठी," शेठाणी म्हणाली.

तात्पर्य: जगाला जे द्यायचं, ते आधी आपल्या घरात देऊन बघावं. तिथे हात आखडला, तर बाहेरचं दान सतरंजीखालीच राहतं.