नखं आत घ्या, महाराज

फार मागे रानात वाघ राजा होता, पण पाणवठ्याचा निकाल सभा करी. सभेत राजानेही नखं आत घेऊनच यायचं, असा रिवाज होता.

एका कोरड्या उन्हाळ्यात वाघ नखं बाहेर काढूनच सभेत शिरला. "आजपासून पाणी माझं. सभा मोडली!"

सगळे घाबरून उठले. सभेचा प्रमुख, म्हातारा साळिंदर, हलला नाही. "नखं आत घ्या, महाराज. मग बोला."

वाघाच्या शिपायांतून साळिंदराचा धाकटा भाऊ कळवळला, "दादा, माफी माग रे!"

"पाणी आमचं, आणि माफीही आम्हीच मागायची?"

साळिंदराने राजाकडे पाठ केली.

वाघ हसला. "पळतोस, म्हाताऱ्या?"

"आमचे काटे मागे असतात," म्हणत साळिंदर उलट्या पावली राजावर चालून गेला. त्याच्यासोबत सभेतल्या सांबरांनी शिंगं रोखली. समोरून, राजाच्या बाजूने, भावानेही काटे फुलवले. रानात यादवी पेटली. सभा मात्र मोडली नाही.