पंगतीतला पहिला घास

गोपाळकृष्णाच्या देवळात उत्सवाची पंगत बसली होती. नैवेद्य केव्हाच झाला होता, पण देवळाचे मानकरी रावसाहेब पानावर बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा त्यांच्या आजोबांपासूनचा दंडक. पानावरचा भात गार झाला, तरी रावसाहेबांचा पत्ता नव्हता.

सुमतीचं लक्ष शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे, गोदूकाकूंकडे होतं. जेवण वेळेवर सुरू होईल या भरवशावर काकूंनी मधुमेहाची गोळी आधीच घेऊन टाकली होती. आता त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि हात थरथरत होते.

आणि काकूंनी सरळ वरणभात कालवून तोंडात घातला!

वाढपी जागच्या जागी थिजले. नेमके तेव्हाच रावसाहेब दारात उभे!

"माझ्याआधी कोण जेवलं? उठवा त्याला पानावरून!"

काकूंचे हात अजून थरथरत होते, पण आवाज खणखणीत होता. हात खरकटा, म्हणून त्यांनी हनुवटीनेच गाभाऱ्याकडे दाखवलं.

"तुमच्याआधी दोघं जेवलो, रावसाहेब. पहिला तो, दुसरी मी. नैवेद्याचं लोणी अजून त्याच्या ओठांना लागलंय, बघा. आधी त्याला उठवा, मग मी उठते."



रावसाहेबांनी देवाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि मुकाट्याने पाटावर येऊन बसले.

"काकूंना गरम भात वाढा रे, भरपूर."

"भरपूर नको," काकू म्हणाल्या, "फक्त वेळेवर वाढा."