न वाजलेल्या नगाऱ्याची कहाणी

एका राज्यात एक राजा होता, एक नदी होती आणि एक नगारा होता. राजाचं नाव यशोधवल, नदीचं नाव शुभ्रा. नगाऱ्याला नाव नव्हतं, पण राज्यात मान त्याचाच मोठा. राजाच्या खापरपणजोबांना तो एका सिद्धाने दिला होता. देताना सिद्ध म्हणाला, "नदी फुगू लागली की हा वाजव. राजाच्या हाताने वाजला तर शेवटच्या झोपडीपर्यंत ऐकू जाईल. दुसऱ्या कुणी वाजवला तर हा नुसता लाकडाचा ओंडका." तेव्हापासून नदीकाठची लेकरं बोलू लागली की त्यांना पहिला धडा हाच देत. नगारा वाजला की टेकडी चढायची, मागे वळून बघायचं नाही.

राजा यशोधवल मनाचा वाईट नव्हता. दान करी, न्याय करी, वाटसरूंसाठी झाडं लावी. त्याची खोड एकच. लोक हसले की त्याला सोसत नसे. एका वर्षी आभाळ भरून आलं, त्याने नगारा वाजवला, सारी प्रजा पोरंबाळं, शेळ्या, बोचकी घेऊन टेकडीवर चढली, आणि ढग आले तसे निघून गेले. उतरता उतरता कुणीतरी म्हणालं, "महाराजांचं पोटच गुरगुरलं असेल!" सगळी टेकडी हसली. त्या हसण्यात विष नव्हतं. पण राजाला ते लागलं, फार लागलं.

पुढल्या वर्षी आभाळ पुन्हा काळवंडलं. प्रधान धावत आला.

"महाराज, नदीचा रंग फिरला आहे. नगारा वाजवावा."

राजाने टिपरी हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. यंदाही ढग निघून गेले तर? थोडं थांबू, असं त्याने मनाशी म्हटलं. तो थांबला, नदी थांबली नाही. दिवेलागणीला शुभ्रा गावागावांत शिरली, आणि नगारा तसाच राहिला.

पूर ओसरला तेव्हा राजा हत्तीवरून पाहणीला निघाला. मोडकी घरं, मेलेली गुरं, डोक्याला हात लावून बसलेली माणसं बघून त्याने हत्ती थांबवला, हे खरं. पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"देवाची करणी!"

काठावर एक टिटवी बसली होती. तिची अंडी वाहून गेली होती, कारण तीही नगाऱ्याच्या भरवशावर होती. ती उडाली ती थेट हत्तीच्या गंडस्थळावर बसली.

"राजा, ज्या शब्दांमागे लपलास, तेच तुझ्या तोंडी राहोत. दुसरा शब्द फुटणार नाही."

राजाने हात जोडले. काही बोलायला गेला तर तोंडून निघालं, "देवाची करणी."

टिटवीला दया आली. ती म्हणाली, "पूर ओसरला, पण तीन घरांत पाणी अजून उभं आहे. ती तू स्वतः कोरडी कर. तिसरं घर कोरडं होईल तेव्हा शाप सुटेल." आणि ती उडून गेली.

राजवाड्यात आचाऱ्याने विचारलं, "महाराज, आज काय रांधू?" राजा म्हणाला, "देवाची करणी." आचाऱ्याला पुढची म्हण ठाऊक होती, त्याने नारळपाणी आणून ठेवलं. राजवैद्याने चाटणं चाटवली. राजमांत्रिकाने लिंबू कापलं, तर लिंबूच हुंदके देऊ लागलं. शेवटी राणीने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि हळूच विचारलं, "तेव्हा टिपरी आपल्या हातात होती ना?" राजा म्हणाला, "देवाची करणी." राणीने तोंड फिरवलं. मग मात्र राजा उठला आणि अनवाणी बाहेर पडला.

पहिलं घर हरबा कुंभाराचं. बाहेर अंगण कोरडं ठणठणीत, आणि आत गुडघाभर पाणी. उंबरठ्यापाशी ते भिंतीसारखं उभं, थेंबभर बाहेर येत नव्हतं. राजाने मागोमाग आलेल्या सेवकांना बोटाने खूण केली. सेवक उपसू लागले, पाणी तेवढंच राहिलं.

हरबा म्हणाला, "महाराज, याला हात लागतात, हुकूम लागत नाही."

राजाने शेला कमरेला बांधला, मडकं उचललं आणि स्वतः उपसायला लागला. तळहात सोलवटले, कंबर धरली, पण पाणी उतरू लागलं. जमीन दिसली तेव्हा हरबाने त्याला भाकरी दिली. राजाने ती चिखलाच्या हातांनीच खाल्ली.

दुसरं घर गोदाक्का विणकरणीचं. आत कंबरभर पाणी, आणि म्हातारी माळ्यावर बसलेली. राजा उपसू लागला, तशी ती वरून ओरडली, "राहू दे ते मडकं! येतो तो 'कळलं, कळलं' म्हणतो आणि जातो. माझं कुणी ऐकून घेतलंय का?"

राजाचं तोंड तर बंदच होतं. तो पाण्यातच बसला. गोदाक्का सांगू लागली. सासूने दिलेला माग गेला. नातीच्या लग्नाचं अर्धं विणलेलं लुगडं गेलं. तांबू गाय दाव्याला बांधलेली होती, ती हंबरत राहिली, आणि दावं सोडायला कुणी पोचलं नाही. एकेक गोष्ट सांगून झाली की पाणी बोटभर उतरे. राज्य मिळाल्यापासून राजाने एवढा वेळ कुणाचं ऐकलं नव्हतं. सांगून संपलं तेव्हा घर कोरडं होतं, राजाचे डोळे नव्हते.

तिसरं घर तानू कोळणीचं. त्यात पाणी छतापर्यंत होतं, काचेसारखं नितळ. तळाशी एक छोटं परकर-पोलकं नीट घडी करून ठेवलेलं दिसत होतं. तानू बाहेर दगडावर बसली होती. राजाने मडकं उचललं. पाणी हललं नाही. मग तो तिच्यासमोर बसला. सावल्या लांबल्या, तेव्हा ती बोलली.

"मी पलीकडच्या काठावर मासळी विकायला गेले होते. चिंगी एकटीच घरात. तिला मीच शिकवलं होतं, नगारा वाजल्याशिवाय घर सोडू नकोस. माझी पोर शहाणी होती, राजा. ती वाट बघत बसली." तिने वर पाहिलं. "नगारा का वाजला नाही?"

राजाने तोंड उघडलं. जीभ सवयीने वळवळली, "देवाची..." आणि घरातलं पाणी कौलं फोडून वर चढू लागलं. राजाने दात आवळले. ओठातून रक्त आलं. पहिला शब्द त्याने निखारा गिळावा तसा गिळला. उरलेला एकच शब्द तो बोलला, आणि बोलताना त्याने आपला तळहात आपल्याच छातीवर ठेवला.

"करणी."

पाणी धाडकन कोसळलं आणि दोघांच्या पायांवरून नदीला मिळालं. राजाची जीभ मोकळी झाली.

"पाऊस ही देवाची करणी, बाई," तो म्हणाला. "नगारा वाजला नाही, ती माझी. लोक हसतील म्हणून मी थांबलो."

तानूने त्याला माफ केलं नाही. कहाणी अद्भुत असली तरी चिंगी काही परत येणार नव्हती. ती आत गेली, ओलं परकर-पोलकं उराशी धरलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. राजा उंबरठ्याबाहेर उभा राहिला. तिने जा म्हटलं नाही, म्हणून गेला नाही.

पुढल्या वर्षी पुन्हा आभाळ भरून आलं. प्रधानाने सांगायच्या आधीच राजाने नगारा वाजवला. प्रजा टेकडीवर चढली. सगळ्यांत शेवटी, गोदाक्काला पाठुंगळी घेऊन, राजा चढला. साऱ्यांनी वाट पाहिली, आणि ढग आले तसे निघून गेले. लख्ख ऊन पडलं.

कुणीतरी म्हणालं, "महाराजांचं पोट पुन्हा गुरगुरलं!"

सगळी टेकडी हसली. मग एकदम गप्प झाली आणि राजाकडे पाहू लागली. राजा मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात मागून तानू कोळीण म्हणाली,

"हसू द्या, महाराज. यंदा हसायला सगळे आहेत."

राजाने तोंडावर हात ठेवला. तो हसला की रडला, हे टेकडीला कळलं नाही. खाली नदीकाठी टिटवीने नवी अंडी घातली होती, आणि ती त्यांवर निवांत बसून होती. ही नगाऱ्याची कहाणी, राजाच्या ओठी अडली, तानूच्या दारी सुटली, ज्याच्या हाती टिपरी त्याने आधी ऐकावी.