वाळूच्या सागरकन्येचं जहाज

तुमच्या-आमच्या पणज्यांच्याही कितीतरी आधी यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात एक बंदर होतं. तिथल्या समुद्राच्या म्हाताऱ्या देवाला पन्नास मुली. नवं जहाज पाण्यात ढकलताना त्याला त्यांतल्या एकीचं नाव द्यायचं आणि संकटात तिलाच हाक मारायची, असा तिथला रिवाज.

आता व्यापारी माणसाला हवा असतो वेग. आधी पोचेल त्याचा माल आधी खपतो. म्हणून जो तो थोईचं नाव घेई. थोई ही वेगाची सागरकन्या. धक्क्यावर पाहावं तिकडे थोईच थोई!

त्या बंदरात एक विधवा राहत असे. तिचा नवरा भरधाव जहाजासकट खडकावर आपटून गेला होता. तिनं होतं नव्हतं ते घालून एक जहाज बांधलं. त्यावर जाणार होते तिचे दोघे मुलगे.

पुजाऱ्यानं विचारलं, "बाई, नाव थोईचंच ना?"

"नाही. प्समाथीचं."

धक्क्यावर हशा पिकला. प्समाथी ही वाळूची सागरकन्या, आणि जहाज वाळूत रुतणं म्हणजे खलाशाची नामुष्की.

"मावशी, पुढचं जहाज दगडाच्या नावानं सोडा!" एक तांडेल ओरडला.

थोरल्या मुलाची मान खाली गेली. "आई, लोक हसतायत गं."

"हसू देत. पळवायला वारा आहे, वल्ही आहेत. थांबवायला कोण आहे?"

हंगाम संपता संपता सगळी जहाजं माल भरून परत निघाली. बंदर दिसू लागलं आणि पाठीमागून वादळ उठलं.

"थोई, वेग दे!" तांडेलांनी हाका घातल्या. थोई प्रामाणिक. मागितलं तेच तिनं दिलं. जहाजं बाणासारखी आली आणि बंदराच्या तोंडाशी खडकांवर फुटली. काही खलाशी पोहत आले, काही आले नाहीत.

किनाऱ्यावर उभ्या विधवेला आपल्या मुलांचा आवाज ऐकू आला, "प्समाथी! प्समाथी!" खडक जवळ येत होते, तोच जहाजाखालची वाळू वर आली. जहाज कलंडलं, करकरलं आणि थांबलं.

वादळ ओसरल्यावर थोरला छातीभर पाण्यातून तणतणत आला. "रुतलंच ना शेवटी! आता लोक काय म्हणतील?"

आईनं खडकांकडे बोट केलं. "कोणते लोक?"

तिथं थोईच्या जहाजांच्या फुटक्या फळ्या तरंगत होत्या.

"धाकट्याला बोलव," ती म्हणाली. "जेवण निवतंय."

तात्पर्य: वेग देणारे पुष्कळ भेटतात, वेळेवर थांबवणारा एक तरी माणसानं जोडून ठेवावा.