आम्ही चहा घेतो

“पण प्रबंधात चूक काय आहे, ते तरी सांगाल की नाही?”

कृत्तिकाने पुन्हा विचारलं.

राजाध्यक्ष मॅडम झोपाळ्यावर होत्या. शेजारी त्यांचे यजमान नाना डुलक्या घेत होते. डोंगरावरचं धुकं गॅलरीत शिरलं होतं. कठडा दिसेनासा झाला होता, आणि झोपाळा नुसत्या हवेला टांगल्यासारखा वाटत होता.

कृत्तिकाचा प्रबंध संस्थांमधल्या आपलेपणावर होता. पंपांच्या एका कारखान्यात तिने कामगारांपुढे एक वाक्य ठेवलं होतं. मूळ इंग्रजी, मराठी तिनेच केलेलं. ‘इथे आम्ही एका कुटुंबासारखे आहोत.’

जवळजवळ सगळे ‘पूर्ण सहमत’ झाले होते.

कामगार आणि मालक एक आहेत, हा तिचा निष्कर्ष. मालकांनी खूश होऊन तिला शाल दिली होती. परदेशातलं एक विद्यापीठ नोकरी द्यायला तयार होतं. राहिला होता तो मार्गदर्शक म्हणून मॅडमचा होकार.

तो मिळत नव्हता.

“तिथे पुढे संप झाला ना गं?”

“झाला. बाहेरच्या कुणी भडकवलं असणार. घरची माणसं कशाला संप करतील?”

“घरची...” मॅडम म्हणाल्या, आणि धुक्याकडे बघत राहिल्या.

कृत्तिकाला मोठ्यांची हीच तऱ्हा सहन व्हायची नाही. सरळ बोलायचं नाही. गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्याला तरुणांनी ज्ञान म्हणायचं. तिने तसं तोंडावर सांगितलंही.

नाना झोपेतच हसले. निदान तसं वाटलं.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “आम्ही आता चहा घेतो.”

कृत्तिकाने लॅपटॉप मिटला. पिशवी खांद्याला लावली. धुक्यात पायानेच चपला चाचपडू लागली. तिचे कान तापले होते. एवढा घाट चढून आलेल्या माणसाला साधा चहासुद्धा नाही...

“कुठे निघालीस?”

“तुम्हीच म्हणालात, आम्ही चहा घेतो. त्यात मी कुठे आले?”

झोपाळा थांबला.

तिचं वाक्य कुठे गेलंच नाही. तिथेच तरंगत राहिलं, आणि हळूहळू त्यात दुसरे आवाज मिसळू लागले. पंपांच्या कारखान्यातले. पुष्कळ, एकदम, शांतपणे बोलणारे.

इथे आम्ही... इथे आम्ही...

एक चप्पल तिच्या पायात होती, दुसरी सापडत नव्हती.

“म्हणजे त्या ‘आम्ही’त मालक...”

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“सगळा प्रबंध गेला, मॅडम.”

मॅडमनी नानांना कोपराने ढोसून पलीकडे सरकवलं. झोपाळ्यावर मधे जागा झाली.

“ये, बस. आपण चहा घेऊ.”