मेणाची झाकणं

फार मागं जांभळावर एक पोळं होतं. "यांच्याकडे मध कसला, झाकणांखाली नुसती..." एवढंच बोलून गांधीलमाशी उडाली. म्हाताऱ्या चिमामाशीच्या ते कानावर पडलं अन् तिला चैन पडेना. पावसाळा तोंडावर आलेला. पिल्लं खाणार काय?

ती कोठार सांभाळणाऱ्या गोदामाशीकडे गेली. "झाकणं फोडून बघते गं."

"वरूनच मोजा की, आत्याबाई. सगळी घरं भरलेली दिसतायत."

"दिसतायत म्हणूनच फोडते."

चिमानं एकेक झाकण फोडलं. भरलेलं घर पुन्हा लिंपलं, रिकामं उघडंच ठेवलं. निम्मी घरं रिकामी निघाली.

गोदा पुटपुटली, "सगळ्या घाबरतील म्हणून मीच रिकामी घरं लिंपली हो."

"घाबरू देत. करंज अजून फुललेला आहे."

गांधीलमाशीचं बोलणं निम्मंच खरं निघालं. उरलेलं निम्मं भरायला सगळं पोळं करंजाकडे उडालं, सगळ्यांत पुढं गोदा.