टाकीखालची बैठक

“...पण पेलेल ना रे भिंत?” गहिनीबुवांनी पुन्हा विचारलं.

यशोधनला आता रागच आला. मठातली ही मातीची न्हाणी त्याने एकट्याने उभी केली होती. चिखल स्वतः तुडवला, पेंढा स्वतः कालवला, कुणाला हात लावू दिला नाही. थंडीत बुवांचे गुडघे धरतात, त्यांना गरम पाणी मिळावं, हाच एक ध्यास. म्हणून तर ती भलीमोठी तांब्याची टाकी त्याने भिंतीत लोखंडी अँगल ठोकून त्यावर चढवली होती. खालून लाकडी खांब दे बाबा, असं सगळे सांगून थकले. पण खांब द्यायचे म्हणजे भिंतीला नावं ठेवण्यासारखंच की!

“पेलेल, बुवा. माझी भिंत आहे.”

बुवांनी मान डोलावली, आसन उचललं आणि थेट टाकीखाली जाऊन बसले. जपमाळ काढली.

टाकी काठोकाठ भरलेली. अँगलपाशी भिंतीला एक भेग पडली होती, ती यशोधनने सकाळीच गुपचूप लिंपली होती.

“बुवा, जरा इकडे सरकता?”

“का? पडेल?”

“नाही... पडायची नाही.”

“मग सरकू कशाला?”

पडेल म्हणावं तर नाक कापलं जातंय, नाही म्हणावं तर म्हातारा जिवाला मुकायचा. आणि बुवा आपले डोळे मिटून मजेत!

...

चिमूटभर माती बुवांच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती झटकलीसुद्धा नाही.

“पडेल, बुवा. उठा.” यशोधनला रडूच फुटलं.

बुवा निमूट उठले. यशोधनने टाकी रिकामी केली आणि बाहेर जाऊन मठातल्या माणसांना हाका मारल्या. सगळ्यांनी मिळून जमिनीतून जाडजूड खांब उभे केले, टाकी त्यांच्यावर ठेवली. भिंतीला ती आता शिवतही नव्हती.

टाकी पुन्हा भरली, पाणी तापलं, बुवा न्हाऊन आले, तरी यशोधनच्या मनातला गुंता काही सुटेना. भिंतीकडे बघून त्याला वाईट वाटत होतं.

“बुवा, ही आता काहीच पेलत नाही. मग मी एवढी खपून बांधली कशाला?”

बुवा भिंतीपाशी बसले. हळूच तिच्यावर पाठ सैल सोडली...

“आता टेकता येतं,” ते म्हणाले.